मांजर काढलेला नकाशा

प्रिय वैजूताई,

काँक्रीटचा मिक्सर येऊन उभा आहे, पण चालू केलेला नाही. मी थांबवलाय. इथे कोणी माझ्याशी धड बोलत नाहीये, म्हणून मंदाकाकूंच्या जुन्या घराच्या ओट्यावर बसून मोबाइलवर हे तुम्हाला लिहितेय. तुमच्या ऑफिसातला अनिकेत शहरातून निघालाय. तो येईपर्यंत वेळ आहे.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या नकाशावाल्या ग्रुपवर सगळ्यांनी तुमच्यावर लिहिलं, मी सोडून. आपल्या इंजिनिअर जोशीकाकांनी सांगलीहून फोन करून सांगितलं, "दोन ओळी तरी टाक गं." नाही जमलं. आज लिहितेय, कारण मला तुमची चूक सापडलीय. एरवी मी ग्रुपवर केवढा दंगा केला असता. आज कोणी ती ऐकून घ्यायला तयार नाही, आणि थोड्या वेळात तिच्यावर काँक्रीट पडेल. एकदा पडलं की ती चूक काकूंच्या नव्या घरात कायमची.

थांबा, नीट सांगते. तुम्ही म्हणायचात ना, सोनल, आधी दार कुठे आहे ते सांग, मग घरात शिर.

दार तुमच्याच स्वयंपाकघराचं. तेव्हा मी पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिस करत फिरत होते. त्याआधी अंबडच्या कंपनीत पॅकिंगला होते, उभं राहून राहून पाय सुजले म्हणून सोडलं. त्याच्या आधी विंचूरला एका हंगामापुरती वाइनवाल्यांकडे. तिथला मॅनेजर पर्यटकांना वाइनचे वास समजावून सांगायचा, त्याला स्वतःला कायम सर्दी असायची. असो, ते वेगळंच पुराण आहे. डिप्लोमा तर दुसऱ्या वर्षालाच सुटला होता. तर, मी तुमचा फिल्टर उघडून बसले होते आणि जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरलेला होता. मी कोणी न विचारता बोलले, "मॅडम, या किचनचं दार उघडलं की फ्रिज उघडणार नाही."

तुम्ही चष्मा डोक्यावर चढवलात. "तुला नकाशा वाचता येतो?"

"नाही. पण दिवसभर लोकांच्या किचनमध्येच असते. असे अडकलेले फ्रिज लय बघितलेत."

"चहा घेतेस का?" म्हणालात, आणि चहा उकळेपर्यंत मला 'चूक दाखवा' ग्रुपमध्ये घेतलंत सुद्धा.

नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटं मांजर काढलेलं होतं. ते कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणालात, "मांजर म्हणजे या कागदात एक चूक आहे. मी मुद्दाम ठेवलेली. हा कागद ग्रुपवर जातो. साइटवर जातो तो बिनमांजराचा."

"पण मुद्दाम चूक कशाला?"

"नाहीतर सगळे न वाचताच 'वा ताई, अप्रतिम' लिहितात. अप्रतिम लिहिणाऱ्यांच्या घराला मी एक दिवस खिडक्याच ठेवणार नाहीये."

एका कागदात एकच चूक, दोन कधी नाही. दोन ठेवल्या तर पोरं नकाशा वाचायचं सोडून माझ्यावर संशय घेत बसतील, असं तुमचं म्हणणं. बाकीचे आपापली खरी कामं टाकायचे. कोणी सोलापूरची शाळा, कोणी नागपूरचा दवाखाना, एक जण दुबईत बसून स्वतःच्या आईवडिलांचं गावचं घर. सगळे मिळून ती कामं पिंजून काढायचे. आणि 'थांबा' असं कोणीही लिहिलं की उत्तर दिल्याशिवाय काम पुढे न्यायचं नाही. थांबा म्हणणाऱ्याला शिक्षण विचारायचं नाही, हा नियम तुम्ही बहुतेक माझ्यासाठीच केला असणार. मी बहुतेक वेळा चुकायचेच. एकदा तर मी जिन्याला कपाट समजून 'याला दारं कुठायत' म्हणून विचारलं होतं, आणि जोशीकाका आठवडाभर मला कपाटवाली म्हणत होते.

मंदाकाकूंच्या घराचा स्लॅबचा कागद तुम्ही टाकलात, आणि नंतर तुमचं काहीच आलं नाही. आलं ते थेट तुम्ही गेल्याचंच. मग त्याच कागदाखाली लोकांनी हात जोडले. 'ताईंचं शेवटचं काम.' 'अप्रतिम.' पहिल्यांदाच तुमच्या कागदात कोणी चूक शोधली नाही. वरून सगळ्यांनी ठरवलं की या घराची एक रेघसुद्धा बदलायची नाही, ताईंनी काढलंय तसंच बांधायचं. मलाही ते पटलं होतं.

काल दुपारी मी इथे आले, मखमलाबादच्या पुढे, फोटो काढायला. सळ्या बांधून झाल्या होत्या. खाली प्लायच्या तुकड्यावर नकाशाची प्रिंट ठोकलेली होती. कोपऱ्यात मांजर.

कॉन्ट्रॅक्टर रामदासभाऊ तंबाखू मळत उभे होते. त्यांना विचारलं, "भाऊ, हा कागद कुठून आला?"

"कुठून म्हंजे? अनिकेतसाहेबांनी पाठवला, प्रिंट मी काढली."

"यावर मांजर आहे."

"मंग? मांजरानं स्लॅब गळतो का?"

अनिकेतला फोन लावला. तुमच्याकडे नवीन लागलेला तो, त्याला मांजराचं कोणी सांगितलंच नव्हतं. तुमचा लॅपटॉप तुमचा मुलगा बेंगळुरूला घेऊन गेला होता. बाकीचे कागद आधीच साइटवर होते, हा एकच राहिला होता, म्हणून त्याने ग्रुपवरून उचलला. "ताईंनी स्वतः टाकला होता गं, मी फायनल समजलो," म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

मी ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, थांबा. मांजर.

ताई, तुम्ही बघायला हवं होतंत. जो जिथे होता तिथून धावला. सोलापूरची आरती भर उन्हात साइटवर उभी राहून मोबाइलवर कागद मोठा करून बघत होती. दुबईवाला जेवणाचा डबा तसाच टाकून. खिडक्या मोजल्या, दारं उघडून पाहिली, पावसाचं पाणी कुठून उतरेल ते पाहिलं. शेवटी जोशीकाकांनी खालच्या मजल्याचा जुना कागद काढून त्यावर हा ठेवला, आणि लिहिलं, "पोरांनो, देवघराच्या डोक्यावर संडास."

हसू आणि रडू एकदमच आलं असणार सगळ्यांना. रामदासभाऊंनी संडासासाठी सोडलेला तो चौकोन संध्याकाळच्या आत दुसऱ्या बाजूला घेतला. "सुटला देव," म्हणाले.

झालं, असंच मलाही वाटलं. रात्री मस्त झोपले.

आज सकाळी स्लॅबचा सोहळा बघायला लवकर आले. मंदाकाकू शेवंती बाजारात पाठवत होत्या. त्यांनी फुलांनी भरलेलं प्लास्टिकचं कॅरेट डोक्यावर घेतलं आणि जुन्या घराच्या दारातून बाहेर येताना गुडघ्यात वाकून, मान आत ओढून, बरोबर चौकटीखालून निघाल्या. बघितलंसुद्धा नाही चौकटीकडे.

"काकू, रोज असं वाकता?"

"आगं, डोक्यावर कॅरेट हाय ना. सासूबाईंच्या टायमापासून वाकतोय आपण हितं. मान गेली पार. म्हणून तर बाईंना म्हनलं, नवं घर उंच काढा."

तेव्हा आठवलं. तुम्ही पहिल्यांदा इथे आलात तेव्हा स्वतः डोक्यावर कॅरेट घेऊन या मळ्यातून चालला होतात. तो फोटो टाकून ग्रुपवर लिहिलं होतंत, या घरात उंची माणसाची धरायची नाही, माणूस अधिक कॅरेट. फुलं निवडायची खोली वर, कारण वर वारा लागतो, फुलं तापत नाहीत. म्हणजे रोज पहाटे काकू आणि त्यांच्या सुना भरलेली कॅरेटं डोक्यावर घेऊन हाच जिना चढणार.

मी एक रिकामं कॅरेट डोक्यावर घेतलं आणि जिन्याच्या सेंट्रिंगच्या फळ्यांवरून चढले. निम्म्यात ठक्कन आवाज. वरच्या स्लॅबच्या कडेची फळी कॅरेटवर आपटली. कॅरेट खाली ठेवून पुन्हा चढले, तर डोकं आरामात जातंय. परत कॅरेट घेतलं. परत ठक्कन.

नकाशात जिन्यासाठी स्लॅबमध्ये जी मोकळी जागा ठेवलीत, ती नेहमीच्या घरासारखी होती. नुसत्या माणसापुरती.

रामदासभाऊंना सांगितलं तर म्हणाले, "काल एक निघाली ना? आता रोज एक काढनार का? मानसं आली, मिक्सर आला, माल चढवायची लिफ्ट आली. तुमचं शिक्षण काय हो मॅडम?"

ग्रुपवर दुसऱ्यांदा थांबा लिहिलं. काल धावलेले सगळे आज गप्प. मग नागपूरच्या एका मॅडमनी लिहिलं, "सोनल, पुरे. ताई एकच ठेवायच्या. ती सापडली." त्याला भराभर अंगठे आले. अनिकेत फोनवर जवळजवळ ओरडलाच. "म्हणजे ही मुद्दाम ठेवलेली नाही, खरी चूक आहे, असं म्हणतेयस तू. ताईंची. कळतंय का काय बोलतेयस?"

"कळतंय."

"मी येतोय. तोपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही."

जोशीकाकांनी तेवढा फोन केला. "पोरी, हिशेबाने पास आहे गं जिना. पुस्तकात बसतो."

"पुस्तकातल्या माणसाच्या डोक्यावर कॅरेट असतं का काका?"

फोनवर कागद उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "स्लॅबची कड मागे घ्यायची तर तिथे एक छोटा बीम लागेल. कसा, ते मी सांगतो. पण अनिकेत हो म्हणाला तरच."

हे सगळं मी सहन केलं असतं ताई. पण मग मंदाकाकू आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "राहू दे गं. मी वाकंन. बाईंनी एवढ्या मायेनं काढलं, त्येची रेघ मोडायची नाय."

म्हणून इथे येऊन बसले.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही कशा विसरलात? तुम्ही? लोकांच्या घरातली म्हातारी रात्री उठते कुठल्या कुशीवरून, हे विचारून पलंग मांडणाऱ्या तुम्ही? तो कागद काढला त्या दिवसांत तुम्ही दवाखान्याच्या फेऱ्या मारत होतात, हे आम्हाला नंतर कळलं. आम्हाला सांगितलंत, गावाला जाऊन येते. कोणतं गाव हो ताई? तुमचं तर कुणी गावाला राहिलेलंच नाही. दाराच्या बिजागरीवरून भांडणारे आम्ही लोक, आणि इतकी ढोबळ थाप आमच्यातल्या एकालाही दिसली नाही. राग येतो मला. आधी तुमचा, मग आमचा. 'थकलेय, जरा नीट बघा हा कागद' एवढं लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं?

अनिकेत आला. नंतर लिहिते.

*

बघा, मी म्हटलं होतं, सगळं संपेपर्यंत लिहायला धीर धरवणार नाही, तसंच झालं. की ते मी लिहिलंच नव्हतं, नुसतं मनात म्हटलं होतं? असो. आता आवाज इतका आहे की स्वतःचं लिहिलेलं मनातही ऐकू येत नाहीये.

अनिकेत आला तो माझ्याकडे न बघता सरळ कागदाकडे गेला. मग त्याने जिन्याच्या सेंट्रिंगवरून वर चढून दाखवलं. कुठेही काही लागलं नाही. वरून म्हणाला, "दिसलं? मोकळा जातो."

"कॅरेट घे."

"नाटक नकोय सोनल."

"मग स्लॅब भरू नको म्हणते मी. ग्रुपचा नियम आहे. मला उत्तर दे."

तो रागारागाने खाली आला आणि शेवंतीचं भरलेलं कॅरेट उचलायला लागला. ते काही त्याच्या डोक्यावर राहीना. मंदाकाकूंना हसू आवरेना. "आसं नाय सायेब. आधी चुंबळ घ्या," म्हणत त्यांनी फडक्याची चुंबळ करून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि वर कॅरेट. चुंबळीने कॅरेट आणखी वर गेलं. मी पण हे धरलं नव्हतं. रामदासभाऊ, सळ्या बांधणारा फिटर, मिक्सरवाला, सगळे कामं नसल्यासारखे येऊन उभे राहिले.

निम्म्या जिन्यावर ठक्कन आवाज झाला. शेवंतीची फुलं सळ्यांवर सांडली. तो तसाच उभा राहिला, दोन्ही हात कॅरेटला, मान अडकलेली. पुढे जाता येईना, मागे यायची त्याला भीती वाटत होती.

"आणि पायऱ्यांत काँक्रीट भरलं की पायाखालची जमीन अजून वर येणार," तो हळूच म्हणाला. कोणाला नाही, स्वतःलाच.

खाली आल्यावर कॅरेट मांडीवर घेऊन तो तिथेच फळीवर बसला. "ताईंनी कॅरेट घेतलं होतं तो फोटो मीच काढलाय," म्हणाला. "मला वाटलं गं, त्यांचं एक काम तरी कोणी हात न लावता राहावं."

मी सळ्यांवरची फुलं वेचून त्याच्या कॅरेटमध्ये टाकली.

मग तो उठला. "रामदासभाऊ, फिटरला पक्कड घेऊन वर पाठवा. ही कड मागे जातेय."

"आन् बाईंची रेघ?" काकूंनी विचारलं.

"काकू, बाई आत्ता इथे असत्या तर त्यांनी मला काय केलं असतं?"

काकूंनी विचार केला. "लय शिव्या दिल्या आसत्या."

"मग झालं."

रामदासभाऊंनी मुहूर्ताचं काढलं, मिक्सरच्या भाड्याचं काढलं, माझ्या शिक्षणाचंही पुन्हा एकदा काढलं. काकू म्हणाल्या, "जिलबी तयार हाय. स्लॅब झाल्यावर जेवायचं ते आधी जेवा. पोटभर खा आन् मंग भरा." जिलबी ऐकल्यावर रामदासभाऊंच्या माणसांनीच त्यांना गप्प केलं.

अनिकेतने ग्रुपवर लिहिलं, 'जिन्याची कड मागे घेतोय. चूक खरी आहे.' एवढंच. जोशीकाकांनी हाताने काढलेलं बीमचं चित्र पाठवलं. फोटोत अर्धं चित्र आणि अर्धा त्यांचा अंगठा. आरतीने लिहिलं, काका, सळीचं माप अंगठ्याखाली गेलंय. मग दुसरा फोटो. त्यावर दुबईवाल्याने एक शंका काढली, काकांनी त्याला झापलं, आणि मग त्याचंच ऐकलं. नागपूरच्या मॅडमनी मला वेगळा मेसेज केला. त्यांचं म्हणणं, कदाचित जिनाच तुम्ही मुद्दाम तसा ठेवला असेल, आणि देवघरावरचा संडास ही खरी चूक असेल. त्यांना तसं मानायचं असेल तर मानू देत. मी भांडले नाही. पण ताई, दोनातली एक तुमची खरी चूक होतीच ना? ती शोधायला तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतंत. आम्ही होतो की.

जेवणं झाली, बीम बांधून झाला, अनिकेतने स्वतः चुंबळ ठेवून, कॅरेट घेऊन पुन्हा चढून पाहिलं. मगच मिक्सर चालू झाला. हे लिहितेय तेव्हा लिफ्ट खालीवर होतेय, आणि रामदासभाऊ मला सोडून बाकी सगळ्यांवर ओरडतायत. मला वाटतं त्यांच्या लेखी हा मान आहे.

मघाशी त्यांनी विचारलं, उद्यापासून स्लॅबवर पाणी कोण मारणार? काकूंकडे फुलांची घाई आहे. मी म्हणाले, मी मारीन. अनिकेत हसला. "तू? परवा तू सुरगाण्याला असशील, नाहीतर कुठे तरी." खरं तर परवा मी देवळ्याला जाणार होते, मैत्रिणीच्या मामांकडे कांद्याच्या गाडीवर काम होतं. तिला कळवून टाकलंय, येत नाही म्हणून.

तुम्हाला मी याआधी दिलेले शब्द आठवत असतील तर विसरा. हा धरा. सेंट्रिंग उतरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ मी इथे येईन, स्लॅबवर पाणी साठवायला केलेले वाफे भरलेले ठेवीन, एकही कोरडा पडू देणार नाही. फळ्या निघाल्या की पहिलं कॅरेट मंदाकाकूच वर नेतील, चुंबळीसकट. मी खाली उभी राहून त्यांची मान बघेन. ती जराही खाली गेली, तर मी पुन्हा थांबा म्हणेन.

तुमची,
सोनल